टायमभाऊंची पानपोई

मे महिन्यात चंद्रपुरात शहाणा माणूस अकरानंतर घराबाहेर पडत नाही. टायमभाऊ नेमके तेव्हाच डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात कांदा टाकून, सायकल दामटत तंत्रनिकेतनात यायचे. तेही सुट्टीत. आणि यायचे कशाला, तर कूलरमध्ये पाणी भरायला. बरं, कूलर कोणासाठी? खोलीत माणूस नव्हता, एक मशीन होती. त्यांच्या स्वतःच्या घरी तेव्हा कूलर नव्हता. वहिनी खिडकीला ओलं पोतं लावून दुपार काढायच्या. हे मला कळलं तेव्हा मी तोंडावर विचारलं, "भाऊ, डोकं फिरलं का तुमचं?" बादली उचलत ते म्हणाले, "माणूस सावलीत सरकून बसते बाई. मशीनले पाय नाई." आणि गेले नळाकडे.

मी तिथे ग्रंथपाल होते. मास्तर लोकांना सुट्टी असते, ग्रंथालयाला नसते, त्यामुळे भाऊंचा हा उन्हाळी उद्योग मी वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिला. माझी खोली आणि त्यांचा संगणक कक्ष यांच्यात एकच भिंत. ते कक्षाचे प्रमुख होते. हाताखाली कोणी नव्हतं, पण प्रमुख होते. हजेरीपटावर त्यांचं नाव अर्थातच वेगळं होतं. पण शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना टायमभाऊ म्हणायचे.

ती मशीन काय करायची ते सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. कॉम्प्युटरच्या पोटात एक घड्याळ असतं, आणि ते आपल्या बाजारातल्या स्वस्त घड्याळासारखंच मागेपुढे पळतं. म्हणून कॉम्प्युटर अधूनमधून इंटरनेटवरून एखाद्या भरवशाच्या मशीनला विचारतात, किती वाजले? ती सांगते, हे आपलं घड्याळ लावून घेतात. अशा काही मशीन जगभर सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या असतात आणि त्यांची एक यादी इंटरनेटवर असते. मशीन कुठे आहे, ती कोणी वापरायची, वापरण्याआधी मालकाला विचारायचं का, सगळं तिथे लिहिलेलं. आमच्याकडे इंटरनेटची पक्की लाइन आली आणि भाऊंनी त्या यादीत आपली मशीन घातली. मोठमोठ्या शहरांच्या नावांमध्ये आमचं धुळीनं भरलेलं चंद्रपूर! 'कोणी वापरायची' याच्यापुढे त्यांनी लिहिलं, कोणीही. 'आधी विचारायचं का' याच्यापुढे लिहिलं, गरज नाही.

मला ते पटलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, निदान नाव तरी सांगा म्हणावं. कोण उठतो, कोण वापरतो." तेव्हा ते एकदाच बोलले, नंतर कधी नाही. त्यांचं गाव चामोर्शीजवळचं. लहानपणी आईबरोबर पाण्याला गेलं की घडा खाली ठेवून विहिरीपासून लांब उभं राहायचं. कोणाला दया आली तर तो वरून ओतणार. "पाणी मांगाच्या पह्यले नाव सांगा लागे बाई, अन् नाव सांगतलं का पाणी भेटत नसे. इथी कोणाले काईच सांगा नाई लागत. विचारलं का भेटते." एवढं बोलले आणि लाइनचा दिवा लागलाय का ते बघायला उठले. मी त्या यादीबद्दल पुन्हा तोंड उघडलं नाही.

ते तिला पानपोईच म्हणायचे. चौदा एप्रिलला कॉलेजच्या फाटकाशी ते खरी पानपोईही लावायचे, लाल कपडा गुंडाळलेले तीन रांजण आणि साखळीला बांधलेला गडू. दोन्हींचे नियम त्यांच्या लेखी एकच होते. पाणी गढूळ झालं तर आधी झाकण ठेवायचं. लाइट जाऊन आली की मशीनचं घड्याळ थोडं डगमगायचं. अशा वेळी ते तिची बाहेरची वाट बंद करत, इंटरनेटवरच्या मोठ्या, बिनचूक घड्याळांशी तिचा मेळ नीट बसू देत आणि मगच वाट उघडत. आणि दुसरा नियम, रांजण रिकामा ठेवायचा नाही. मी म्हणायचे, एखादा दिवस राहिला रिकामा तर काय आभाळ कोसळतं? ते म्हणत, "पानपोई नसती तं माणूस मांगच्या चौकात पेऊन आला असता न. तुमच्या भरवशावर तो तहानलेला आला. मंग तुमी नसत्या तं बरं होतं."

मशीन बंद पडू न देणं म्हणजे काय, हे त्या वर्षांत इथे राहिलेल्यांनाच कळेल. माझ्या खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसायच्या. रोज टेबल पुसलं तरी बोटाला राख लागायची. आणि आमच्याकडेच सहा-सहा तास भारनियमन! 'धूर आपल्याले, लाइट मुंबईले' असं रिक्षावालेसुद्धा म्हणायचे. भाऊंनी एक बॅटरी मागून घेतली, एक स्वतःची आणली, तरी पुरेना. एके दिवशी लाइट गेली आणि माझ्या इन्व्हर्टरवरचा पंखा काही फिरेना. बघते तर माझ्या इन्व्हर्टरची वायर भिंतीच्या भोकातून पलीकडे गेलेली! मी पदर खोचून त्यांच्या खोलीत गेले. मुलं ऐकतील याचीही पर्वा न करता बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमचे पुस्तकं अंधारात सडत नाई. वेळ सडते." मला इतका राग आला की हसू आलं. वायर तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ताडाच्या पानाचा एक विंझणा ठेवलेला होता, वहिनींनी विणलेला.

प्राचार्य वाईट नव्हते, पण त्यांना हिशेब लागायचा. एकदा चहाच्या वेळी ते म्हणाले, "जगभरचे लोक आपली मशीन फुकट वापरतात. आपल्याला काय मिळतं?" भाऊ म्हणाले, "पानपोईवाल्याले काय भेटते साहेब?" साहेब म्हणाले, "पुण्य मिळतं." भाऊ म्हणाले, "ते बी नाई. रांजण धुवा लागते." सगळी खोली हसली. भाऊ हसले नव्हते. त्यांचा चेहरा मला त्या दिवशी फार उतरलेला दिसला.

कारण ते थकले होते. गुडघे गेले होते, जिना चढताना मध्येच उभे राहून दम खायचे, आणि नोकरीचं शेवटचं वर्ष सुरू होतं. गावाकडे वाट्याला आलेली थोडी धानाची जमीन होती, मातीचं घर होतं. निवृत्त झालो की तिकडे राहायचं, हा शब्द त्यांनी वहिनींना लग्नानंतर लगेच दिला होता. वहिनींनी त्या शब्दावर सगळं आयुष्य काढलं. भाऊ शिकत होते तेव्हा त्यांनी रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडली, पुढे शहरातल्या दोन खोल्यांत संसार केला, आणि कुठलीही गोष्ट घेताना 'हे गावाकडे नेता येईल का' हे आधी बघितलं. मी त्यांच्याकडे गेले की त्या चहा ठेवत आणि मला म्हणत, "बाई, तुमच्या त्या मशीनले विचारा एकदा. माह्या माणसाले कधी सोडते?" थट्टेनं म्हणायच्या, पण ती सगळीच थट्टा नव्हती.

आपल्या मागे ही मशीन सांभाळेल असं कोणी मिळतंय का, ते भाऊंनी खूप बघितलं. नवे मास्तर मान डोलवायचे आणि पळायचे. शेवटी भाऊंनी ठरवलं की पानपोई उचलायची, पण रीतीनं. त्यांनी वर्षभर आधी यादीत लिहून टाकलं की ही मशीन बंद होणार आहे, दुसरी शोधा. मग यादीतून नाव काढलं. विचारणारे कमी होत गेले. भाऊ रोज सकाळी पडद्यावर बघायचे आणि म्हणायचे, "अजून येऊन राह्यले." निवृत्तीचा नारळ, शाल, भाषणं सगळं आटोपलं, आणि दुसऱ्या दिवशी माणूस आपला पुन्हा हजर, हातात बादली! मी म्हटलं, "आता तरी घरी जा." ते म्हणाले, "कोणीतरी येते बाई अजून. उचलू कशी?" वहिनींची ट्रंक बांधून दाराशी ठेवलेली, आणि हे इथे बिनपगारी पाणी भरतायत. मला वहिनींकडे जायला तोंड राहिलं नाही.

कोण येतंय ते त्यांनी विचारणाऱ्या मशीनच्या इंटरनेटवरच्या पत्त्यांवरून शोधून काढलं. बाकी सगळे गेले होते. उरलेले एकाच ठिकाणाहून विचारत होते, गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्यातून. कंत्राटी मजुरांच्या फाटकांवर हजेरीच्या मशीन बसवल्या होत्या. मजुरानं कार्ड दाखवायचं, मशीन वेळ टिपणार. बसवणारा प्रफुल्ल, भाऊंचाच जुना विद्यार्थी. भाऊंनी त्याला बोलावून विचारलं, अरे, जगात इतक्या मशीन असताना तू माझीच का घातलीस? तो बिचारा गोंधळून म्हणाला, "सर, तुमची सोडून दुसऱ्या कोणाची घालू? तुमीच तं शिकवलं." भाऊंनी कपाळाला हात लावला. मी हसत होते. आपल्या मास्तराच्या वेळेवर कारखाना चालवावा, ही भक्ती आमच्याकडचाच माणूस करू जाणे.

मग पत्ता बदल म्हणावं, सुटला प्रश्न! पण प्रफुल्लचं काम संपलं होतं. आता मशीन नव्या कंत्राटदाराच्या ताब्यात होत्या, आणि तो प्रफुल्लला फाटकाच्या आत घेत नव्हता. भाऊ म्हणाले, मी जाऊन बोलतो. हे ऐकलं आणि वहिनी म्हणाल्या, "मी बी येतो. पाहू तं द्या कोण धरून बसलं तुमाले." माझी बहीण तिकडेच राहायची, म्हणून मीही निघाले. आम्ही तिघं एसटीनं गेलो. रस्ताभर वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. रविवारी सामान न्यायला टेम्पो सांगून ठेवलाय, एवढंच त्या एकदा बोलल्या.

पाळी बदलायच्या वेळेला आम्ही फाटकाशी पोचलो. बायांची रांग लागली होती, केसांपासून पायांपर्यंत पांढऱ्या धुळीनं माखलेल्या. एकेक जण कार्ड लावी, मशीन टुंग करी, आणि ती पुढे जाई. मुन्शी खुर्चीवर बसला होता. भाऊंनी त्याला नीट समजावून सांगितलं, की ही मशीन चंद्रपूरला वेळ विचारते, ती तिकडची मशीन बंद व्हायची आहे, तेव्हा दुसरा पत्ता घालून घ्या, मी आत्ता घालून देतो. मुन्शी म्हणाला, "राहू द्या न जी. आमाले वरून ऑर्डर नाई, कोणाले हात लावू देत नाई." भाऊ म्हणाले, "अवो, याचा सेल गेलेला हाये. लाइट गेली का याले वेळ आठवणार नाई. तिकडून उत्तर नाई आलं तं हजेरी चुकन सगळ्यायची." मुन्शी हसला. मनगट पुढे करून म्हणाला, "चुकन काऊन? आमचं घड्याळ हाये न. त्याच्यावर लावून देऊ."

रांगेतून बाहेर आलेली एक म्हातारीशी बाई हे ऐकत उभी होती. मुन्शीची पाठ वळल्यावर ती वहिनींना म्हणाली, "याच्या घड्याळात आमी रोज उशिरा येत होतो, बाई. धावत आलो तरी फाटक बंद. अर्धा खाडा लागे. हे मशीन आलं तवापासून आमी टायमावर येतो." वहिनी म्हणाल्या, "पह्यले तुमी उशिराच येत असान." बाई म्हणाली, "नाई वो. घरून तवा बी तितक्यालेच निघत होतो, आता बी तितक्यालेच निघतो." मग डोक्यावरचा फडका झटकून ती बाकीच्या बायांमागे गेली. आम्ही कोण, कुठून आलो, हे तिनं विचारलं नाही.

भाऊ पुढे आणखी दोन साहेबांना भेटले. सगळीकडे तेच, उद्या या, वरून विचारतो. परतीच्या एसटीत ते डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, आता हा माणूस वहिनींना काय सांगणार? बरंच अंतर गेल्यावर वहिनीच बोलल्या, भाऊंकडे न बघता. "खडीच्या रस्त्यावर आमच्या मुकादमाचं घड्याळ बी असंच पुढं धावे. मी तुमाले कधी सांगतलं नाई. तुमची परीक्षा होती." भाऊंनी डोळे उघडले. वहिनी म्हणाल्या, "त्याईची मशीन बदलत नाई तोवर बंद नका करू. टेम्पोवाल्याले मी सांगतो."

भाऊ रडले. भर गाडीत, गुडघ्यावरच्या पिशवीत तोंड घालून. मी खिडकीबाहेर बघत राहिले, पण खरं सांगायचं तर माझीही तीच गत होती.

पुढचे दोन उन्हाळे कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. भाऊंना सायकल जमेना, तर ते ऑटोनं यायचे. दम लागायचा, तर फाटकापासून खोलीपर्यंत तीनदा बसायचे. मीसुद्धा पाणी भरलं. प्रेमानं भरलं म्हणणार नाही, शिव्या घालत भरलं, कंबर धरून भरलं. नव्या प्राचार्यांना भाऊ कोण हेच माहीत नव्हतं. ते मला विचारायचे, हे गृहस्थ रोज का येतात? मी सांगायचे, साहेब, कूलरवाले आहेत. भाऊ दर महिन्याला कारखान्यात फोन करायचे आणि 'पुढच्या महिन्यात बघू' ऐकून फोन ठेवायचे. आम्ही सगळेच फार थकलो होतो. चिडायचंही बळ नव्हतं.

मग एका जुलैत विचारणारे थांबले. कारखान्यानं आपल्या मोठ्या ऑफिसातून सगळ्या फाटकांना वेळ द्यायची सोय केली, असं प्रफुल्लनं खबर काढून सांगितलं. आता मुन्शीच्या मनगटाचं काही काम उरलं नव्हतं. भाऊ तरी लगेच उठले नाहीत. आठवडाभर येऊन पडदा बघत बसले. मग एका दुपारी मला हाक मारली आणि माझ्यासमोर बटण बंद केलं. मला वाटलं, काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "चहा सांगा बाई, साखर जास्त." त्याच आठवड्यात टेम्पो भरून दोघं गावाला गेली.

धान कापणीला आलं तेव्हा भाऊ गेल्याची बातमी आली. मला लगेच जाता आलं नाही; गेले तेव्हा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला होता. वहिनी अंगणात सुपानं धान पाखडत होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं, पाणी आणलं. बराच वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो, पाऊस कसा झाला, लेक कधी येणार, घराची मागची भिंत बांधून घ्यायची राहिली. मग त्या म्हणाल्या, "सगळे येऊन त्याईचं नाव काढून राह्यले. चांगला माणूस होता म्हणते. होताच. पण ते दोन उन्हाळे माहे होते बाई. मी देल्ले. त्या बायायले माहीत बी नाई."

मी विचारलं, "वाईट वाटतं का वहिनी?"

"वाट्टे न. काऊन नाई वाटणार? रोज वाट्टे." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण पाखडलं नाही. खालीच बघत म्हणाल्या, "त्या बायायची हजेरी बरोबर लागली न पण?"

मी म्हटलं, "लागली."

"मंग झालं."